गिरणगावातून चालताना : चिंचपोकळी ते लोअर परळ



मागच्या भागात आपण गटाची कर्जवही कशी लिहायची ते पाहिलं. आज जरा गावाबाहेर पडूया. मुंबईतल्या एका वाटेवरून आपण चालणार आहोत. ही वाट गिरणगावातली, म्हणजे जिथं एके काळी कापडाच्या गिरण्या तीन पाळ्यांत रात्रंदिवस चालत होत्या त्या भागातली. चिंचपोकळी स्टेशनला उतरायचं, लालबाग, करी रोड, डिलाईल रोड करत लोअर परळला पोचायचं. अंतर साडेतीन-चार किलोमीटर. भरभर चाललं तर तासाभराचं काम, पण बघत, विचारत, बसत गेलं तर अर्धा दिवस लागतो.

गेल्या हिवाळ्यात आमच्या चार गटांतल्या अकरा जणी ही वाट चालून आलो. “मुंबईला जाऊन राणीची बाग बघायची सोडून बंद गिरण्या काय बघताय?” असं घरून ऐकतच निघालो होतो. त्याचं उत्तर सोपं आहे. आमच्या सातारा जिल्ह्यातल्या डोंगराकडच्या गावांत जुन्या पिढीतलं कुणी ना कुणी गिरणीत होतंच. कुणाचे सासरे, कुणाचे वडील, कुणाचे चुलते. कोकणात तर चाकरमानी नसलेलं घर शोधावं लागेल. “ते मुंबईला गिरणीत होते,” एवढंच आपल्याला माहीत असतं. ते कुठं राहत होते, त्यांना कोण जेवू घालत होतं, आणि त्या सगळ्यात बायका कुठं होत्या, हे कुणी सांगितलेलं नसतं. ते बघायला आम्ही गेलो. तुमच्याही गटाला जावंसं वाटलं तर उपयोगी पडेल म्हणून वाटेवर काय काय दिसतं आणि त्याचा अर्थ काय, ते आज सांगतो.

गिरण्या इथंच का आल्या?

चालायला लागण्याआधी एवढं समजून घेऊ. कावसजी नानाभाई दावर नावाच्या पारशी व्यापाऱ्यानं १८५४ साली मुंबईत कापसाच्या गिरणीची कंपनी काढली आणि १८५६ साली ताडदेवला ती गिरणी सुरू झाली. त्याच सुमाराला, १८५३ मध्ये, मुंबई ते ठाणे रेल्वे धावू लागली होती. पुढं रेल्वे घाट चढून आत गेली आणि खानदेश-वऱ्हाडचा कापूस थेट मुंबईच्या बंदरात येऊ लागला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चाललं होतं. तिथला कापूस इंग्लंडला मिळेना, म्हणून मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. व्यापाऱ्यांच्या हाती पैसा खेळू लागला आणि पुढच्या काळात तो गिरण्यांत गुंतला.

मुंबईची हवाही कामाची होती. कोरड्या हवेत सूत तटकन तुटतं, दमट हवेत टिकतं. रेल्वे, बंदर, कापूस आणि हवा अशा चार गोष्टी जमून आल्या. पाचवी गोष्ट होती माणसं, आणि ती आपल्या गावांतून गेली. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर, पुणे या भागांत जमिनीचे तुकडे लहान, पाऊस लहरी, आणि सावकाराचं देणं डोक्यावर. घरातला एक पुरुष मुंबईला गेला तर वर्षभराची मीठमिरची सुटायची. शेत मात्र कुणी विकलं नाही. ते बाईच्या हाती ठेवून पुरुष गेला. हे लक्षात ठेवा, पुढं याच्याकडं परत येऊ.

चिंचपोकळी : धुरांडी आणि भोंगा

चिंचपोकळीला उतरून पुलावरून लालबागच्या बाजूला आलं की मान वर करून बघायचं. उंच उंच काचेच्या इमारती दिसतात. त्यांच्यामध्ये कुठं कुठं विटांचं जुनं धुरांडं उभं असतं. खाली बाॅयलर असायचा, त्याच्या वाफेवर यंत्रं चालायची आणि धूर वर जायचा. पुढं वीज आली तरी धुरांडी राहिली.

धुरांड्याइतकाच महत्त्वाचा होता भोंगा. पाळी सुरू व्हायच्या आधी गिरणीचा भोंगा वाजायचा. घरात घड्याळ नसलेल्या माणसांचं घड्याळ तेच. भोंग्यावर चूल पेटायची, भोंग्यावर डबा भरायचा. रातपाळीचा माणूस सकाळी येऊन झोपायचा, दिवसपाळीचा त्याच जागेवरून उठून गेलेला असायचा. एकाच अंथरुणावर पाळीपाळीनं झोपणं ही तिथली रोजची गोष्ट होती.

लालबाग : मसाला, गणपती आणि खानावळ

लालबाग म्हटलं की आपल्याला गणपती आठवतो. गणेश गल्लीचा गणपती १९२८ पासून आणि लालबागचा राजा १९३४ पासून बसतो. राजाची सुरुवातच बाजाराच्या नवसातून झाली. पेरू चाळीतला बाजार बंद झाला होता. उघड्यावर बसून माल विकणाऱ्या कोळिणींनी आणि व्यापाऱ्यांनी हक्काच्या बाजारासाठी नवस केला, आणि बाजाराला जागा मिळाल्यावर गणपती बसवला. म्हणजे त्या नवसामागं टोपलीवाल्या बायकांच्या पोटाचा प्रश्न होता.

बाजाराजवळच मसाल्याची गल्ली आणि चिवडा गल्ली आहे. उन्हाळ्यात इथं ब्याडगी, संकेश्वरी, काश्मिरी मिरचीचे ढीग लागतात. बायका आपापल्या घरच्या मापानं मिरच्या, धणे, खडा मसाला घेतात, भाजून घेतात आणि डंकावर कुटून नेतात. मालवणी मसाला वेगळा, घाटी मसाला वेगळा. कुठल्या गावची माणसं इथं आली होती ते मसाल्याच्या वासावरून कळतं. आमच्यातल्या ज्या गटाचा मसाल्याचा धंदा आहे, त्या जणी तिथं तासभर हलल्याच नाहीत. एका भाजीवाल्या मावशींनी विचारलं, “कुठनं आलाय गं?” आम्ही म्हटलं, “साताऱ्याकडनं, मावशी.” “मग आमच्या माहेरच्याच की,” असं म्हणून त्यांनी आम्हाला बसायला रिकामी पाटी उलटी करून दिली.

आता या गल्ल्यांमध्ये एक गोष्ट शोधायची, जी डोळ्यांना दिसत नाही. ती म्हणजे खानावळ. गिरणीत आलेले बहुतेक पुरुष बायकामुलं गावाकडं ठेवून आलेले. दहा-पंधरा जण मिळून एक खोली घ्यायचे. त्यांना रांधून कोण घालणार? शेजारच्या चाळीतली बाई. कुणी विधवा, कुणाचा नवरा गिरणीतून कमी झालेला, कुणाला पोरं जास्त. पहाटे उठायचं, पंधरा-वीस माणसांच्या भाकऱ्या-चपात्या, भाजी, आमटी करायची, डबे भरायचे, भांडी घासायची, आणि रातपाळीसाठी परत चूल पेटवायची. पैसे महिन्याला, पगार झाल्यावर. तोवर वाणी उधारीवर धान्य देणार आणि भाव आपला लावणार. उधारी तुंबली की सावकार. तो दागिना किंवा भांडी गहाण ठेवून घेणार.

ही बाई कुठल्याही गिरणीच्या हजेरीपटावर नव्हती. पण ती एक दिवस आजारी पडली असती तर वीस माणसं उपाशी कामावर गेली असती.

१९७४ साली गिरणी कामगारांचा मोठा संप झाला. तो ४२ दिवस चालला. पगार बंद, पण खानावळवाल्यांनी जेवण बंद केलं नाही. उधारीवर घातलं आणि स्वतः कर्जात बुडाल्या. कामगार चळवळीतल्या प्रेमाताई पुरव यांनी हे जवळून पाहिलं. त्यांनी १९७५ साली खानावळवाल्या बायकांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं. सुरुवात १४ बायकांपासून झाली. सरकारी बँकेकडून कर्ज मिळवायचं, आणि तारण म्हणून बायकांनी एकमेकींची हमी द्यायची, अशी ती पद्धत होती. ओळखीची वाटते ना? आपल्याकडं नाबार्डनं बचत गट बँकेला जोडायचं काम १९९२ साली सुरू केलं. लालबागच्या चुलीपाशी बसलेल्या बायकांनी त्याच्या सतरा वर्षं आधी एकमेकींचा हात धरून बँकेची पायरी चढली होती. पुढं हजारो बायका या मंडळात आल्या.

बँकेत जायचं तर आधी हिशेब लागला. किती डबे, किती किलो पीठ, किती उधारी. आयुष्यभर केलेलं काम पहिल्यांदा कागदावर आलं, तेव्हा बँकेच्या साहेबाला तो धंदा वाटला. त्याआधी त्याला सगळे “बाई जेवण करते” एवढंच म्हणत होते.

भारतमाता ते करी रोड : रविवार कुणी मिळवला?

लालबागच्या पुढं भारतमाता सिनेमाचा चौक लागतो. मराठी सिनेमासाठी हे थिएटर प्रसिद्ध आहे. गिरणी कामगारांची ही करमणुकीची जागा. चौकातून करी रोड स्टेशनकडं वळताना आपल्या गटाला एक प्रश्न विचारा : रविवारची सुट्टी कुणी दिली?

सुरुवातीच्या काळात गिरण्या सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत चालायच्या आणि आठवड्याची सुट्टी नसायची. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक विचाराचे कार्यकर्ते नारायण मेघाजी लोखंडे यांनी कामगारांना एकत्र केलं, सभा घेतल्या, अर्ज दिले. १० जून १८९० रोजी गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. लोखंड्यांच्या सभांमध्ये गिरणीतल्या बायकांनीही भाषणं केली होती. आज आपली मुलं रविवारी शाळेला जात नाहीत, त्यामागं अशीही माणसं आहेत.

पुढं १९२८ साली सहा महिन्यांचा मोठा संप झाला. आणि १८ जानेवारी १९८२ ला डॉक्टर दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली जो संप सुरू झाला, त्यात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. पगारवाढ हवी होती, बदली कामगारांना कायम करून हवं होतं, आणि आपली संघटना आपण निवडायचा हक्क हवा होता. तो संप कधी रीतसर मागं घेतलाच गेला नाही. महिने गेले, वर्ष उलटलं. काही गिरण्या परत सुरू झाल्या, पण हजारो माणसांना आत घेतलंच नाही. कापडाचा धंदा भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांकडं सरकला. कुणी रिक्षा चालवली, कुणी वॉचमन झालं, आणि कितीतरी जण पत्र्याची ट्रंक घेऊन गावाकडं परत आले.

त्या वर्षांत चाळीतल्या बायकांनी घरं कशी चालवली ते ऐकायचं असेल तर लालबाग-परळच्या साठी-सत्तरीच्या कुठल्याही काकींशी बोला. पापड, मसाले, शिवणकाम, दुसऱ्याच्या घरची धुणीभांडी. संपाच्या इतिहासात पुढाऱ्यांची नावं येतात, पण घराघरांत तो संप बायकांच्या हातावर चालला.

गिरणीच्या आतल्या बायका

करी रोडचा पूल ओलांडताना गिरणीच्या आत काम करणाऱ्या बायकांबद्दल बोलूया. आपल्याला वाटतं गिरणी म्हणजे पुरुषांचं काम. पण १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत दर पाच कामगारांत साधारण एक बाई होती. बायका असायच्या रिळिंग आणि वाइंडिंग खात्यात. सूत एका बॉबिनवरून दुसऱ्यावर गुंडाळायचं, तुटलेला धागा चपळाईनं जोडायचा. कामावर देखरेख करणारी बाई म्हणजे नायकीण. काम मिळवायचं तर तिचा हात ओला करावा लागायचा.

तान्हं मूल घरी सांभाळायला कुणी नसलं तर काय करायचं? त्या काळी बायका मुलाला अफूची बाळगोळी देत. मूल पाळीभर झोपून राही. हे ऐकताना आमच्यातल्या सगळ्या गप्प झाल्या. त्या आईला दोष देण्याआधी तिच्यापुढं दुसरी कोणती वाट होती ते बघितलं पाहिजे. आज आपण अंगणवाडी आणि पाळणाघर मागतो, ती मागणी किती जुनी आहे ते यावरून कळतं.

मग या बायका गेल्या कुठं? १९२९ साली मुंबई प्रांतात बाळंतपणाच्या रजेचा कायदा झाला. बाईनं रात्रपाळी करायची नाही, असाही कायदा होता. दोन्ही कायदे बाईच्या भल्यासाठी. पण मालकांनी हिशेब मांडला : रजा द्यायची, पाळणाघर काढायचं, रात्रीला घेता येत नाही, मग बाई ठेवायचीच कशाला? त्यातच नवी यंत्रं आली आणि कमी माणसांत काम होऊ लागलं. बायकांची खाती आधी कापली गेली. संपाच्या काळापर्यंत गिरणीत बायका अगदी थोड्या उरल्या होत्या. कायदा नुसता असून भागत नाही, त्याची अंमलबजावणी करून घेणारी आपली संघटना लागते, हा यातला धडा.

डिलाईल रोड : एकशेसाठ फुटांची खोली

करी रोडवरून पुढं आलं की ना. म. जोशी मार्ग लागतो. जुनं नाव डिलाईल रोड. नारायण मल्हार जोशी यांनी १९११ साली सोशल सर्व्हिस लीग काढून कामगार वस्तीत वाचनालयं, रात्रशाळा चालवल्या आणि पुढं कामगार संघटना बांधल्या.

याच रस्त्याला बी.डी.डी. चाळी आहेत. इंग्रज सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनं १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, शिवडी आणि इथं मिळून दोनशेवर इमारती बांधल्या. तळमजला आणि वर तीन मजले, एका इमारतीत ८० खोल्या, एक खोली १६० चौरस फुटांची. संडास मजल्यावर सगळ्यांना मिळून. त्या एका खोलीत मोरी, चूल, देव, पाळणा, आणि रात्री गावाकडून आलेला पाहुणा. आता म्हाडा या चाळींच्या जागी उंच इमारती बांधत आहे आणि रहिवाशांना ५०० चौरस फुटांची घरं द्यायचं ठरलं आहे. त्यामुळं जुन्या चाळी बघायच्या असतील तर लवकर जा.

चाळीत काही खोल्या गावाच्या नावानं चालायच्या. गावचं मंडळ खोली घ्यायचं आणि गावातून नवा आलेला पोरगा थेट तिथं उतरायचा. त्याच मंडळानं गावाकडं देवळाचा कळस, शाळेची खोली, रस्ता यांना वर्गणी पाठवली. तुमच्या गावच्या देवळातली फरशी नीट बघा. “मुंबईकर मंडळ” असं कोरलेलं सापडेल.

आता आपण आधी सोडलेल्या धाग्याकडं येऊ. पुरुष इकडं, मनिऑर्डर तिकडं. ती मनिऑर्डर पुरेशी होती का? नव्हती. गावाकडं नांगरट, पेरणी, भांगलण, सुगी, जनावरं, सासूसासरे, मुलांची शाळा हे सगळं बाई करत होती म्हणून गिरणी मालकाला कमी पगारात माणूस मिळत होता. आजारी पडला, म्हातारा झाला, कामावरून काढला, की तो परत तिच्याच दारात यायचा. गिरणीनं माणूस धडधाकट असताना वापरला आणि थकल्यावर गावाकडं पाठवला. त्याला शेवटपर्यंत सांभाळलं गावातल्या बाईनं. सातबाऱ्यावर मात्र तिचं नाव नव्हतं, आणि गिरणीच्या पुस्तकात असण्याचा प्रश्नच नव्हता.

म्हणजे गिरणगाव तीन प्रकारच्या बायकांच्या कामावर उभं होतं. एक वाइंडिंग खात्यातली, दुसरी खानावळवाली, तिसरी गावाकडं शेत राखणारी. तिघींपैकी हजेरीपटावर फक्त पहिली होती.

लोअर परळ : जमिनीचं काय झालं?

लोअर परळचा पूल ओलांडून सेनापती बापट मार्गाला लागलं की आपण वेगळ्याच जगात येतो. कमला मिलमध्ये आता कचेऱ्या आणि हॉटेलं आहेत. कवी नारायण सुर्वे यांना वाढवणाऱ्या काशीबाई याच गिरणीत कामाला होत्या. रस्त्यावर सापडलेलं पोर एका गिरणी कामगार जोडप्यानं आपलं म्हणून वाढवलं आणि पुढं तो मराठीतला मोठा कवी झाला. जवळच फिनिक्स मिल आहे, १९०५ सालची. आता तो मोठा मॉल आहे. त्याचं धुरांडं अजून उभं ठेवलंय. लोक त्याच्याखाली उभे राहून फोटो काढतात.

मुंबईत ५८ गिरण्यांची मिळून सुमारे ६०० एकर जमीन होती. १९९१ साली सरकारनं नियम केला की गिरणीची जमीन विकायची किंवा तिथं बांधकाम करायचं तर तिचे तीन वाटे करायचे. एक वाटा महापालिकेला बागा-मैदानांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी आणि एक मालकाला. २००१ साली नियम बदलला. वाटे सगळ्या जमिनीचे करायचे नाहीत, फक्त मोकळ्या जमिनीचे करायचे असं ठरलं. गिरणीच्या आवारात मोकळी जमीन असते किती? शेड, गोदामं, खाती यांनीच ती भरलेली. त्यामुळं लोकांचे दोन वाटे लहान झाले. प्रकरण कोर्टात गेलं आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयानं बदललेला नियम कायम ठेवला. एका शब्दाच्या फरकानं किती एकर इकडचे तिकडं होतात, ते या रस्त्यावर उभं राहून समजतं.

म्हाडाला जो वाटा मिळाला त्यावर गिरणी कामगारांसाठी घरं बांधायचं ठरलं. पहिली सोडत २०१२ साली निघाली. अर्ज दीड लाखांच्या आसपास आणि मिळालेली घरं काही हजार. घर फुकट नाही, ठरलेली किंमत भरावी लागते. १ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर गिरणीच्या पटावर असलेला कामगार पात्र, आणि तो हयात नसेल तर त्याचे वारस. हे वारस कोण? त्यातल्या कितीतरी जणी आज तुमच्या-आमच्या गावात राहणाऱ्या विधवा आहेत.

ट्रंकेतले कागद

आमच्याबरोबर सत्तरी ओलांडलेल्या एक आजी होत्या. त्यांचे मालक साच्यावर होते. एका बंद फाटकापाशी त्या थांबल्या आणि त्यांनी मालकांचा तिकीट नंबर घडाघडा सांगितला. संसारभर मनिऑर्डरच्या पावतीबरोबर जपलेला तो आकडा. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली भविष्य निर्वाह निधीची चिठ्ठीही त्यांनी घरी ठेवली आहे. त्यांच्याच आळीतल्या दुसऱ्या बाईनं मात्र नवरा गेल्यावर त्याची ट्रंक मोकळी केली आणि कागद चुलीत घातले. तिला कुणी सांगितलंच नव्हतं की त्या पिवळ्या कागदांना काही किंमत आहे. दोघींचे नवरे सारखेच राबले, पण आज एकीच्या हातात पुरावा आहे आणि दुसरी तो गोळा करत फिरते आहे.

म्हणून एवढं करा.

घरातलं कुणी गिरणीत असेल तर ट्रंक, माळा, देव्हाऱ्यामागची पिशवी बघा. गिरणीचं ओळखपत्र, तिकीट नंबर, पगारचिठ्ठी, हजेरी कार्ड, विम्याचं म्हणजे ई.एस.आय.चं कार्ड, भविष्य निर्वाह निधीची चिठ्ठी, नोकरीचा दाखला, यांतलं काहीही सापडलं तर ते जपा. पाण्यापासून, वाळवीपासून दूर ठेवा. दोन-तीन झेरॉक्स काढा. अर्ज पूर्वी भरला असेल तर त्याची पावती शोधा. वारसांची नावं आणि आधार कार्डावरची नावं जुळतात का बघा, कारण गिरणीत “धोंडू” आणि आधारावर “धोंडीराम” असलं तरी अडचण होते. मूळ कागद कुणालाही देऊ नका. “घर काढून देतो, आधी वीस हजार द्या” म्हणणारी माणसं गावोगाव फिरतात. आमच्या शेजारच्या गावातल्या एका विधवेचे पैसे असेच गेले. पैसे भरायचे ते म्हाडाचं पत्र आल्यावर, बँकेत, पावती घेऊन. चौकशी वांद्र्याच्या म्हाडा कार्यालयात किंवा गिरणी कामगारांच्या संघटनेत करा, आणि एकटीनं जाण्यापेक्षा दोघी-तिघींनी मिळून जा.

तुम्ही जाणार असाल तर

रविवारी सकाळी लवकर सुरू करा, लोकलला गर्दी कमी असते. गणपतीच्या दिवसांत चालणं जमणार नाही, तेव्हा पाय ठेवायला जागा नसते. सपाट चप्पल, पाणी आणि थोडी चटणी-भाकरी बरोबर घ्या. स्वच्छतागृह स्टेशनवरच उरकून घ्या, पुढं सोय सापडतेच असं नाही. चाळीत शिरताना विचारून शिरा, लोकांची घरं आहेत ती. विचारल्याशिवाय फोटो काढू नका. आपल्यातल्या बऱ्याच जणी केईएम किंवा टाटा हॉस्पिटलला पेशंट घेऊन परळला जातात. पेशंटजवळ दुसरं कुणी असेल आणि तास-दोन तास मोकळे मिळाले, तर निदान लालबागपर्यंत चालून या.

आणि मुंबई लांब असेल तर आपल्या जवळची वाट शोधा. साखर कारखाना, एम.आय.डी.सी., इचलकरंजीची यंत्रमागाची गल्ली. चालताना तीन गोष्टी विचारत चला : ही जमीन आधी कुणाची होती? इथं कामाला कोण येतं आणि कुठून येतं? त्यांच्या मागं घरी कोण राबतं?

पुढच्या बैठकीत एक काम करूया. वहीच्या एका पानावर तीन रकाने आखा. पहिल्यात आपण दिवसभरात केलेली सगळी कामं लिहा, दुसऱ्यात त्याचे पैसे मिळाले का ते, आणि तिसऱ्यात त्याची कुठं नोंद आहे का ते. सातबाऱ्यावर, रोजगार हमीच्या हजेरीपटावर, दूध डेअरीच्या कार्डावर, गटाच्या वहीत, कुठंही. तिसरा रकाना जिथं रिकामा राहील, तिथं आपलं पुढचं काम आहे. डेअरीचं कार्ड नवऱ्याच्या नावावर आणि धारा आपण काढतो, असं असेल तर सुरुवात तिथूनच करता येईल.

तीन रकान्यांत काय निघालं ते आम्हाला केंद्रावर कळवा. पुढच्या भागात त्यातली काही पानं आपण मिळून वाचू. तोवर नमस्कार.